उकळत्या पाण्याने धुतलेल्या बरण्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं ते थेट घोटाभर पाण्यात. पाणी आपलं म्हणायचं म्हणून. वर तेलाचा तवंग, त्यात कुणाच्या तरी घरचे कांद्याचे पापुद्रे आणि चहाची पत्ती. ह्यांचं छातीचं दुखणं निघाल्यापासून आम्ही दोघांनी तीन वर्षांत तळलेलं खाल्लेलं नाही, तरी वरच्या सहा घरांची तळणं शेवटी आमच्याच पायाशी. तळमजल्यावर राहण्याचा हा मान.

प्लंबर आला. अंगणातल्या चेंबरचं झाकण उचलून त्याने गजाने एक पांढरा गोळा वर काढला, चांगला नारळाएवढा. साबणाच्या वडीसारखा घट्ट.

"हे तेल, मावशी," तो म्हणाला. "गरम गरम ओततात आणि वाटतं, गेलं. ते जात नाही. पुढे जाऊन गार होतं आणि बसतं."

मी त्याला सांगितलं की शाळेच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं नोकरी केली आहे, तेलाचे गुणधर्म मला शिकवू नकोस. तो बरं म्हणाला.

दुपारभर मी ह्यांना हेच सगळं सांगत होते. शेवटी हे म्हणाले, "वहीत लिही. वही ऐकून घेते." म्हणून ही वही.

९ नोव्हेंबर, रविवार

जिन्यात बैठक झाली. चेअरमन, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, दोन पायऱ्या वर उभे राहून बोलले. ते नेहमीच दोन पायऱ्या वर उभे राहतात.

मी योजना मांडली. वापरलेलं तेल गार करायचं, काचेच्या बरणीत भरायचं, रविवारी सकाळी माझ्या दाराशी ठेवायचं. मी ते गाळून मोठ्या कॅनमध्ये भरीन. साबणाच्या कारखान्याचा माणूस पंधरवड्याला येऊन कॅन नेईल. बरणी त्याच संध्याकाळी परत.

पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "ती तेलकट बरणी परत घेऊन आम्ही काय करायचं?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "माझ्या हातून कुणाचं भांडं आजवर घाण परत गेलेलं नाही."

सगळ्यांना पटलं. दुसऱ्या मजल्यावरची डबेवाली तेवढी आली नव्हती. ती भाडेकरू आहे. बावीस जणांचे जेवणाचे डबे करते. घरात ती आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी, दोघीच. वर्ष-दीड वर्ष झालं येऊन, पण जिन्यात कधी थांबून बोलेल तर शपथ.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाच घरांच्या पाच बरण्या. डबेवालीची नाही.

तेल गाळायला अर्धा तास आणि बरण्या धुवायला दोन. लोकांना वाटतं बरणी धुणं म्हणजे काय मोठंसं. आधी कोमट पाणी, नाहीतर काच तडकते. मग साबण. मग उकळतं पाणी, दोनदा. मग पुन्हा साबण आणि पुन्हा उकळतं. शेवटी बरणी उपडी धरून बघायची. पाणी काचेवरून सरसर उतरलं, कुठे थेंब धरून राहिला नाही, तर बरणी स्वच्छ. एक थेंब जरी अडला तरी तिथे तेल आहे. ही परीक्षा मी शाळेत किती मुलांना शिकवली असेल. आज चार पातेली पाणी लागलं. सिंकमध्ये दुधासारखा पांढरा फेस झाला होता, तोही उकळतं ओतून घालवला.

संध्याकाळी बरण्या पोचवल्या. चेअरमनच्या बायकोने बरणी उजेडात धरली आणि म्हणाली, "काकू, आता ह्यात तेल भरायचं जिवावर येईल." बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून माझं काम कुणी उजेडात धरून बघितलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डबेवालीकडे स्वतः जाऊन आले. तिने आत बोलावलं. मी म्हटलं, इथेच बरी आहे.

"तुझी बरणी आली नाही," मी म्हटलं.

"माझं तेल नेणारा माणूस ठरलेला आहे काकू. दर गुरुवारी येतो."

"आणि भांड्यांना राहतं ते?"

"आधी लाकडाच्या भुशाने पुसून काढते. पुढच्या फर्निचरवाल्याकडून पोतं आणते. भुसा कचऱ्यात जातो, मग भांडं धुते. या ना, दाखवते."

भुशाने भांडी पुसणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली, आणि त्या भांड्यांतलं बावीस माणसं जेवतात. उंबऱ्यातूनच परत आले. तो भुसा पाइपात जात नाही कशावरून? वहीत तिच्या नावापुढे फुली मारली.

३० नोव्हेंबर, रविवार

आज अकरा बरण्या. एका घरातून दोन-दोन यायला लागल्या. शिवाय पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मासे तळलेली कढईच पाठवली, वर निरोप की "तेल तळाला चिकटलंय, तुम्हालाच नीट निघेल." कढई चिकट होती खरी. घासून आरशासारखी केली. बोट दिलं की हात धरतात म्हणतात ते हेच, पण काम माझ्या हातचं आहे म्हणून मीही नाही म्हटलं नाही.

सहा पातेली उकळतं पाणी. गॅस सिलिंडर ह्या वेळी लवकर संपणार.

हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "आपल्या सिंकचं पाणी जरा रेंगाळतंय का?"

मी म्हटलं, थंडी आहे. थंडीत सगळंच रेंगाळतं. तुम्हीच बघा, अंघोळीला किती वाजवता.

डबेवाली: नाही.

७ डिसेंबर, रविवार

नऊ बरण्या, दोन कढया, एक तवा. हाताची सालं निघाली आहेत. चेअरमन जिन्यात भेटले, म्हणाले की त्यांच्या भाच्याला ह्याच भागात जागा हवी आहे, कुठे रिकामी होतेय का बघा. मी म्हटलं, आपल्या बिल्डिंगमध्ये तर नाही. ते म्हणाले, "बघू."

१४ डिसेंबर, रविवार

पुन्हा तुंबलं. नऊ बरण्या धुऊन शेवटचं पातेलं ओतलं आणि पाच मिनिटांत चेंबरमधून पाणी उलटं आमच्या स्वयंपाकघरात. वरच्या सगळ्यांचं सांडपाणी घेऊन. मी मटकन खुर्चीत बसले. पाच आठवडे रविवारचे रविवार मी ह्यासाठी घालवले होते. रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

नेहमीचा प्लंबर गावाला गेलाय. चेअरमनने दुसरा आणला. त्याने मशीन लावलं, पंधरा मिनिटांत पाइप मोकळा केला आणि खाली वाकूनही न बघता निघून गेला.

चेअरमन दोन पायऱ्या वरून म्हणाले, "पाच घरं तेल देतात. मग उरलं कोण?"

सगळ्यांच्या नजरा दुसऱ्या मजल्याकडे गेल्या. बोलायला राहिलंच काय होतं? बावीस डबे. शितावरून भाताची परीक्षा.

१७ डिसेंबर, बुधवार

चेअरमनने माझ्याकडून एक पत्र मागितलं. डबेवालीच्या घराचा करार जानेवारीअखेर संपतोय. मालक दुसऱ्या शहरात असतो, त्याला वस्तुस्थिती कळायला हवी. मी आरोप वगैरे काही केला नाही. वहीत होतं तेच उतरवलं: सोळा तारीख, बरणी नाही. तेवीस, नाही. तीस, नाही. सात, नाही. चौदा, नाही, आणि लाइन तुंबली. खाली सही.

ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "अक्षर छान आलंय."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे अक्षर छान आलंय."

२१ डिसेंबर, रविवार

बरण्या धुवत होते, तेवढ्यात डबेवाली दारात. मालकाचा फोन आला होता तिला. करार वाढवणार नाही म्हणाला, कारण बिल्डिंगमधून पत्र आलंय.

"काकू, मी एक थेंब ओतत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे. शाळा इथून चालत दहा मिनिटं. आता मिळेल ती जागा कुठे असेल देवाला ठाऊक, आणि बावीस डब्यांतले किती टिकतील तेही त्यालाच."

मी म्हटलं, "मी फक्त नोंद पाठवली. निर्णय माझा नाही."

तिने माझ्यामागे पाहिलं. ओट्यावर बरण्या उपड्या होत्या, गॅसवर पातेलं उकळत होतं, सिंकमध्ये फेस होता. ती बराच वेळ त्या सिंककडे बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. पण "चलते" म्हणून गेली.

मन खट्टू झालं खरं. पण माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याने काय वेगळं केलं असतं? बरण्या मात्र आज अगदी लख्ख निघाल्या.

२ जानेवारी, शुक्रवार

आज फक्त आमचं सिंक तुंबलं. वरच्यांचं पाणी झकास जात होतं. नेहमीचा प्लंबर परत आलाय, त्याला बोलावलं.

त्याने आधी चेंबर उघडला. वरच्या मजल्यांचा पाइप चेंबरमध्ये एका बाजूने येतो, आमच्या सिंकचा दुसऱ्या बाजूने. त्याने वरच्या पाइपात बॅटरी मारून मला वाकून बघायला लावलं. आत स्वच्छ, नुसती पाण्याची चकाकी. मग आमचा पाइप सोडवला. आत पांढरी चरबी गच्च, मधे करंगळी जाईल एवढंच भोक. चेंबरमधून बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशीही तसाच थर.

"इथे एवढं कोण तळतं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. आम्ही उकडलेलं खातो."

"मग हे आलं कुठून?"

मी त्याला बरण्यांचं सांगितलं. अभिमानानेच सांगायला लागले. कोमट, साबण, उकळतं, पुन्हा साबण, पुन्हा उकळतं. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. प्लंबर भला माणूस, तो पाइपाकडेच बघत होता.

"मावशी, उकळत्या पाण्याने बरणीतलं तेल सुटलं ना, ते चार हात पुढे जाऊन बसलं. अख्ख्या बिल्डिंगचं. तुम्हाला सांगितलं होतं मी."

त्याने सांगितलं होतं. ह्याच वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "काखेत कळसा." पुढचं म्हणाले नाहीत. मला वाटतं, ह्यांना बरेच दिवस माहीत होतं. विचारलं तर म्हणाले, "संशय होता. पण तू रविवारची इतकी खुशीत असायचीस." ह्यावर रागवायचं की काय करायचं, मला कळलं नाही.

४ जानेवारी, रविवार

मीच चेअरमनना सांगून बैठक बोलावली. मी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. चूक माझी, चरबी माझ्या पाइपातली, डबेवालीचा काही संबंध नाही, ते पत्र परत घ्या.

पहिल्या मजल्यावरच्या बाई आधी बोलल्या. "काकू, तुम्ही तर आमच्या बरण्या धुता. तुम्ही कशाला स्वतःवर घेताय?"

"घेत नाहीये. तसंच झालंय. प्लंबरला विचारा."

चेअरमन हसले. "काकूंचं मन मोठं आहे. त्या पोरीकडे बघून त्यांना वाईट वाटतंय, ते आपण समजू शकतो. पण मोठ्या मनाने पाइप साफ होत नाहीत."

सगळे समजूतदारपणे हसले. मी पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितकं माझं मन मोठं होत गेलं. एकतीस वर्षांत मी एखाद्या मुलाला सांगितलं की हे आम्ल आहे, तर त्याने कधी "बाईंचं मन मोठं" म्हणून ते पिऊन टाकलं नाही. खरं बोलूनही माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं. डबेवालीवर तो प्रसंग दीड महिना आला होता, हे मला जिना उतरताना सुचलं.

हात वर करून मत घेतलं. पत्र कायम ठेवायच्या बाजूने पाच, विरुद्ध एक.

६ जानेवारी, मंगळवार

घरमालकाचा नंबर मिळवून फोन केला. तो सभ्यपणे बोलला. म्हणाला, "बाई, तुमच्या सहीचं एक पत्र माझ्याकडे आहे. आता तुम्ही त्याच्या उलट सांगताय. मी कुठलं खरं धरू?" मी म्हटलं, आताचं. तो म्हणाला की तसंही नवीन भाडेकरू ठरलाय, एकटा तरुण मुलगा, घरात चूल पेटवणार नाही. चेअरमनचा भाचा आहे.

सात डिसेंबरची नोंद उघडून वाचली. मी ती लिहिली होती आणि पुढच्या ओळीला लागले होते.

११ जानेवारी, रविवार

बरण्या आल्या. आता मी धुवत नाही, तेल ओतून कागदाने पुसते आणि तशाच परत देते. चेअरमनची बायको म्हणाली, "काकू, बरं नाही का तुम्हाला?" पुढच्या रविवारी किती येतील शंकाच आहे.

दुपारी डबेवालीकडे गेले. ह्या वेळी आत गेले. अर्ध्या सामानाची खोकी भरलेली. ओट्याखाली भुशाचं पोतं आणि शेजारी पुसायच्या कढया एकात एक रचलेल्या. नीटनेटकं, माझ्या प्रयोगशाळेत शोभलं असतं असं. मी तिला सगळं सांगितलं.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या दारात उभी होते ना, तेव्हाच. एवढ्या बरण्यांचं धुवण जातं कुठे, एवढं कळतं मला. माझा तोच धंदा आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुम्हाला?"

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, मुलीला परीक्षेपर्यंत आमच्याकडे ठेव, पुढची खोली रिकामीच असते, शाळा जवळ पडेल. नवीन जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, दोन बस बदलून. तिने विचार केला. "तिला विचारते," म्हणाली. "राहायचं तिला आहे."

मी खोली झाडून घेतली. ह्यांनी टेबलाचा डुगडुगणारा पाय ठोकला.

१८ जानेवारी, रविवार

मुलगी खाली आली. जवळून मी तिला आज पहिल्यांदाच नीट बघितलं. सरळ उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"आजी, आईने स्वतः जाऊन सांग म्हटलं म्हणून आले. मी नाही राहणार इथे."

"दोन बस, बाळ. दीड तास जायला."

"बसमध्ये वाचता येतं. इथे जिना आहे. जिन्यात सगळे विचारतात, तुम्ही निघालात का, बरं झालं, आता लाइन तुंबणार नाही. तुम्ही खरं सांगितलंत ते कुणाला खरं वाटत नाही. मग मी त्यांना रोज काय सांगू?"

मी तिच्यासाठी ओढलेली खुर्ची परत सरकवून ठेवली. ह्यांनीही पेपर खाली ठेवला होता. ती आम्हा दोघांना नमस्कार करून गेली. तो नमस्कार झोंबला.

१९ जानेवारी, सोमवार

जिन्यातल्या सूचनाफलकावर कागद लावला. "डिसेंबरमध्ये लाइन तुंबली ती माझ्या घरातल्या पाइपामुळे. दुसऱ्या मजल्यावरच्या घराचा त्यात काहीही दोष नव्हता. त्यांच्याविरुद्ध मी दिलेलं पत्र चुकीचं होतं." खाली सही.

२० जानेवारी, मंगळवार

कागद गायब. दुसरा लावला.

२२ जानेवारी, गुरुवार

तिसराही गेला. चेअरमनना विचारलं. ते म्हणाले, फलक फक्त अधिकृत सूचनांसाठी आहे, आणि काकांना सांगून तुम्हाला जरा विश्रांतीला कुठेतरी पाठवायला हवं. मी घरी येऊन एकदम दहा प्रती लिहिल्या. हे पिना आणून देतात. ह्या घरात लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे बहुधा पहिलंच काम.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी आठला टेम्पो आला. सामान थोडंच. भुशाचं पोतं सगळ्यात शेवटी चढलं. वरच्या खिडक्यांतून दोन-तीन जण बघत होते. मी अंगणात उभी होते, कुणी हात लावू दिला असता तर लावला असता.

डबेवाली पुढे बसली. मुलगी परत जिन्यात गेली, म्हटलं काही विसरली असेल. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझा आठवा कागद होता, फलकावरून काढलेला.

"आजी, नवीन घराच्या मालकाने विचारलं होतं, आधीचं घर का सोडलं. त्याला हे दाखवायचंय."

मी म्हटलं, ने.

"पण खाली नुसती सही आहे. कळत नाही कुणाची. पूर्ण नाव लिहा. घर नंबर, फोन नंबर. आणि तारीख."

तिने दप्तरातून पेन काढून दिलं. मी कागद टेम्पोच्या फळीवर धरला आणि लिहायला लागले. फळी खडबडीत होती, पहिलं अक्षर बिघडलं. ती म्हणाली, "ते खोडून परत लिहा, म्हणजे वाचता येईल." मी खोडून परत लिहिलं. तिने कागद घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, फोन नंबर मला मोठ्याने वाचून दाखवून बरोबर आहे का विचारलं. मी हो म्हटलं.

तिने घडी घालून तो दप्तरातल्या वहीत ठेवला आणि आईशेजारी जाऊन बसली. आई समोर बघत होती. टेम्पो गेला.